पुढे वाट नाही

भूमापन कचेरीतल्या त्याच्या टेबलाशी कोणी आलं, की खुर्ची रिकामी आहे असंच आधी वाटायचं, इतका तो किरकोळ अंगाचा. खांदे शाळेतल्या मुलासारखे, पाऊल पाच नंबरच्या बुटात मावेल एवढं. दोन कागदांच्या मधे ठेवला तरी सुरकुती पडायची नाही, असं कचेरीतला शिपाई म्हणायचा. पण त्याने शाईचं पेन हातात धरलं की बघत राहावं. रेघ अशी उतरायची की साहेब भिंग लावून चूक शोधायचे आणि काही न बोलता भिंग परत खिशात टाकायचे.

काडी हे नाव त्याला मास्तरांनी दिलं. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. आडवे, भक्कम, आवाज असा की वर्गाच्या बाहेरची पोरंसुद्धा गप्प बसावीत. एकदा ते गावामागच्या डोंगराच्या नकाशाची प्रत घ्यायला कचेरीत आले.

"डोंगराच्या वरचा नकाशा मिळाला," ते म्हणाले. "आतला कुठे मिळेल?"

"आतला आमच्याकडे नसतो," तो म्हणाला. "आम्ही सगळं वरवरचंच बघतो."

मास्तर पोट धरून हसले. मग शिंप्याने मापं घ्यावीत तसं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाले, "रविवारी काय करतोस?"

त्या रविवारपासून काडीचे सगळे रविवार जमिनीखाली गेले. तो डोंगर चुनखडीचा. हजारो वर्षं पाणी मुरून आतून पोखरलेला. खाली उतरणारे तिघेच: मास्तर, काडी आणि नळवाला. नळवाला गावातल्या तुंबलेल्या पाइपांचा वैद्य. चिखलात कोपरांवर सरपटायची सवय त्याला पोटापाण्यानेच लावलेली. गुहेत उतरायचं सामान तेव्हा दुकानात मिळत नसे. पुलाच्या कामावरची जुनी हेल्मेटं, कपाळावर कार्बाइडचे दिवे. दिव्याच्या डब्यात खडे असायचे, त्यावर वरून पाण्याचा थेंब पडला की वायू सुटायचा आणि इवलीशी ज्योत फुसफुस करत राहायची. ओल्या दगडावर बूट घसरू नयेत म्हणून तिघांनी मोच्याकडून टायरच्या रबराचे तळ ठोकून घेतले होते. दोराची जबाबदारी नळवाल्याची. शनिवारी संध्याकाळी तो अंगणात बसून पन्नास मीटर दोर बोटांतून वीत वीत सरकवायचा, आणि कुठे एक धागा जरी उसवलेला लागला तरी तेवढा दोर कापून बायकोला कपडे वाळत घालायला द्यायचा. तिच्याकडे दोऱ्या इतक्या झाल्या की कपडे कमी पडायला लागले, असं तो सांगायचा.

आणि मोजणी काडीची. मोजपट्टी, होकायंत्र आणि मेणकागदात गुंडाळलेली वही. मास्तर म्हणायचे, "दोर चुकला तर एक माणूस मरेल. नकाशा चुकला तर आपल्यानंतर येणारा प्रत्येक जण चुकेल." काडीने काढलेली रेघ त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची.

ते घडलं तेव्हा काडी चौतीस वर्षांचा होता आणि त्याच्या बायकोला आठवा महिना लागला होता.

मोठ्या गुहेच्या टोकाला, जमिनीलगत, एक फट होती. तिला ते चिमटा म्हणत. मास्तरांचं डोकं आत जायचं, खांदे अडायचे. नळवाला कमरेपर्यंत गेला आणि त्याला पाय धरून मागे ओढावं लागलं. पण फटीपाशी दिव्याची ज्योत जरा वाकायची. म्हणजे आतून वारा येत होता, आणि वारा येतो तिथे पलीकडे काहीतरी असतं.

"काडी, तूच जाऊ शकतोस," मास्तर म्हणाले. "नको वाटलं तर तिथूनच परत फीर."

तो पालथा पडून आत शिरला. हेल्मेट काढून पुढे ढकलायचं, मान एका बाजूला वळवायची, श्वास सोडायचा, वीतभर सरकायचं, मग पुन्हा श्वास. मोजपट्टीचं टोक कमरेला बांधलेलं. नऊ मीटरवर ते दगडात अडकलं. त्याने सोडून तिथेच ठेवलं आणि आणखी थोडा पुढे गेला. उतार लागला, हात मोकळे झाले, आणि तो उभा राहिला.

उभा राहिला हेच त्याला काही क्षण कळलं नाही. दिवा वर केला तर छत नाही. समोर धरला तर भिंत नाही. पायाखाली मऊ, सपाट माती. तिच्यावर कधी कोणाचं पाऊल पडलेलं नाही. तो तीस-चाळीस पावलं चालला. दूर कुठेतरी पाण्याचा एकेक थेंब पडत होता आणि त्याचा आवाज बऱ्याच उशिराने परत येत होता. मागे वळून बघितलं तर आपण आलो ते भोक दिसेना. आपल्याच पावलांवर पाऊल टाकत तो फटीशी आला आणि आत घुसला.

येताना जो उतार होता तो आता चढ झाला होता. मधोमध छाती अडकली. पुढे जाईना, मागेही. धडपडीत हेल्मेट उलटलं, दिवा विझला. नंतर नळवाल्याने घड्याळ बघून सांगितलं की सगळं मिळून चाळीस मिनिटं गेली. त्या काळोखात दगड त्याच्या पाठीवर आणि पोटावर एकाच वेळी टेकला होता. तो रडला. होणाऱ्या मुलाने बापाचा फोटोच बघायचा, असं मनात आलं. शेवटी रडून रडून फुप्फुसं रिकामी झाली असतील, छाती बोटभर खाली बसली आणि तो सरकला.

मास्तरांचा हात त्याच्या मनगटाला लागला. त्यांनी त्याला बाहेर ओढलं, पाणी पाजलं, तोंडावरचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसला. मग विचारलं, "काय आहे पलीकडे?"

खरं सांगितलं तर काय होणार, हे त्याला लख्ख दिसलं. पुढच्या रविवारी पुन्हा. मास्तर छिन्नी-हातोडा घेऊन फट रुंद करायला घेतील, त्यालाही महिने लागतील, आणि तोवर दर वेळी आत जाणारा एकच माणूस असेल.

"बंद आहे," तो म्हणाला. "पुढे हाताएवढी भेग आहे. वारा तिच्यातून येतो."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "जाऊ दे. तू आलास हे पुष्कळ."

आज एवढं म्हणू, मुलाचं बघू, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. मुलगी झाली. घर, दुपटी, जागरणं. महिनाभराने नकाशावर शाई चढवायची वेळ आली. ती दुसरी संधी होती. ट्रेसिंग कागद टेबलावर पसरून तो बराच वेळ बसला. पण मास्तरांच्या वहीत नोंद झालेली होती, नळवाल्यालाही तेच माहीत. आता काय म्हणून बदलायचं? त्याने चिमट्याच्या टोकाला दोन आडव्या रेघा मारल्या आणि बाजूला बारीक, सुबक अक्षरात लिहिलं: अरुंद भेग, पुढे वाट नाही.

सांगायचं राहून गेलं, असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही. राहून जातं ते विसरलेलं. हे तर त्याला रोज आठवायचं.

दोन वर्षांनी मास्तरांनी गुहेतल्या ओढ्यात हिरवा रंग ओतला. पाचव्या दिवशी डोंगराच्या पार पलीकडच्या झऱ्याला हिरवं पाणी आलं. मास्तर शाळेच्या कपड्यांतच सायकल हाणत काडीच्या घरी आले आणि दारातच बोलायला लागले. म्हणजे डोंगराच्या पोटात मोठं काहीतरी आहे. आपल्या बाजूने वाट बंद आहे ना, मग आपण पलीकडून जाऊ. तिथे पाणी मुरतं तो खड्डा आहे, तो खणू.

ओट्यावर आधीच येऊन बसलेल्या नळवाल्याने डोकं खाजवलं. "त्यापेक्षा चिमटा पुन्हा बघूया का? ज्योत चांगली वाकते तिथे. पाइपात एवढा वारा असला तर मी पाइप बंद आहे असं नाही म्हणणार."

"काडीने बंद लिहिलंय," मास्तर म्हणाले. विषय संपला.

काडी तिथेच बसला होता, मांडीवर मुलगी घेऊन. त्याने तिच्या झबल्याचा बंद पुन्हा बांधला. तो सुटलेला नव्हता.

मग बारा वर्षं ते खणत राहिले. कप्पी, बादल्या, कडेला लाकडी टेकू. मास्तर तळाशी कुदळ मारायचे, काडी मधल्या पायरीवर उभा राहून टोपली घ्यायचा आणि वर नळवाल्याकडे द्यायचा. पावसाळ्यात खड्डा पुन्हा भरायचा, नंतर पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांचे केस त्या खड्ड्यात पांढरे झाले. कधी कुदळीचा आवाज पोकळ आला की ते वर बघून हसायचे, "ऐकलंस? आलोच आपण." काडी म्हणायचा, "हो, मास्तर." दर रविवारी सकाळी तो आज सांगायचंच असं ठरवून निघायचा, आणि मास्तरांनी पहिली टोपली हातात दिली की ते सांगणं पुढच्या रविवारावर जायचं. जितके रविवार जात, तितकी ती गोष्ट जड होत चालली. एका रविवारचं खोटं कबूल करणं वेगळं. सहाशे रविवारांचं कसं करायचं?

बाराव्या वर्षी कडेची माती सुटली. टेकू मोडला आणि मास्तरांचा डावा पाय मांडीपर्यंत गाडला गेला. काडीने आणि नळवाल्याने नखांनी उकरून त्यांना काढलं. गुडघ्याचा चुरा झाला होता. दवाखान्यात मास्तर पांढऱ्याफटक तोंडाने म्हणाले, "कोणाचा दोष नाही. टेकू मीच ठोकला होता."

त्या दिवशी घरी येऊन काडीने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि सांग. मी येते बरोबर."

"आता सांगून त्यांचा पाय बरा होणार आहे का?"

"तू होशील," ती म्हणाली. पण तो गेला नाही, आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

खणणं थांबलं. मास्तर काठी घेऊन चालायला लागले. निवृत्त झाले, काडीही झाला. दर गुरुवारी दुपारी तो त्यांच्याकडे जायचा. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीशी मास्तरांची खुर्ची, पुढ्यात स्टुलावर पाय, भिंतीवर काडीने काढलेला गुहेचा नकाशा. वहिनी चहा ठेवायच्या. मास्तर नकाशाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा डोंगर मला चकवून गेला, काडी. असू दे."

चिमट्यात जाऊन आल्याला सत्तावीस वर्षं झाली, त्या वर्षी नर्स काडीच्या घरी आली. सरकारी दवाखान्यात काम करणारी, तिशीतली, वेतासारखी बारीक. गावातल्या नव्या मंडळींचा गट ती चालवायची. त्यांच्याकडे आता सगळं नवं होतं. बोटाएवढे विजेचे दिवे, कमरेचे पट्टे, दोरावर चढायच्या कड्या, आणि भिंतीवर लाल ठिपका टाकला की अंतर सांगणारं लेसरचं यंत्र. जुन्या गुहेची ते नव्याने मोजणी करत होते.

"काका, चिमटा बंद नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "मी गेले पलीकडे. एवढं मोठं दालन आहे, आमची शाळा मैदानासकट मावेल."

काडीने हातातली कपबशी खाली ठेवली.

"पण गंमत म्हणजे आमच्याआधी कोणीतरी जाऊन आलंय." तिने मोबाइल पुढे केला. मातीत बुटाचा ठसा, काल उमटल्यासारखा ताजा. आत ना वारा ना पाऊस, पुसणार कोण? "एकच माणूस. चाळीस पावलं आत, मग माघारी. तळ टायरचा आहे. तुमच्या वेळी असे तळ लावायचे ना? तुमच्यापैकी नंतर गुपचूप कोणी गेलं होतं का? पाय फार लहान आहे हो. बाईचाच असेल असं आम्हाला वाटलं."

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. तिथे त्याच्या चपला होत्या. ती थांबली.

"मी," काडी म्हणाला. "नंतर नाही. तेव्हाच."

त्याने तिला सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षं न सुटलेली गाठ, आणि सुटायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती दवाखान्यात रोज वाईट बातम्या बघणारी मुलगी. तिने त्याला धीरही दिला नाही आणि बोलही लावला नाही. एवढंच विचारलं, "मास्तरकाकांना तुम्ही सांगणार की मी सांगू? कारण गावात आता हे कळणारच."

गुरुवार नव्हता. तरी तो तसाच गेला. मास्तर पेपर वाचत होते, वहिनी आत भाजी निवडत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पेपरची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "कसं आहे आत?"

"दिवा पलीकडे पोचत नव्हता. पाणी पडत होतं कुठेतरी, थेंब थेंब. त्याचा आवाज उशिरा परत यायचा."

"किती उशिरा?"

"मोजलं नाही, मास्तर."

"तू," मास्तर म्हणाले, "आणि मोजलं नाहीस."

"घाबरलो होतो. तुम्ही मला परत पाठवाल असं वाटलं."

"पाठवलं असतंच. खोटं कशाला बोलू? फार हावरा होतो मी तेव्हा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "भीती वाटली ते समजलं. मलाही वाटायची, दर खेपेला. बोललो नाही कधी. पायाचंही काही नाही, तो टेकू माझाच. पण बारा वर्षं तू त्या खड्ड्यात माझ्याबरोबर उभा होतास. माझ्या हातातली टोपली तुझ्या हातात जात होती. मी वर बघून म्हणायचो, आलोच आपण. आणि तू हो म्हणायचास." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते हो कशाला म्हणायचास?"

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. दोघांचे चेहरे बघून त्या तशाच आत गेल्या.

नळवाल्याला कळलं तेव्हा तो काडीच्या ओट्यावर येऊन बसला. आधी म्हणाला, "मी म्हणालो होतो, ज्योत वाकतेय." मग म्हणाला, "माझं सोड. रविवारी घरी राहिलो असतो तर बायकोने पडदे लावायला लावले असते. पण मास्तरांशी वाईट केलंस तू." आणि तंबाखूची पुडी पुढे करून तो उठला.

नव्या नकाशाची आकडेमोड नर्सच्या गटाने केली. ती म्हणाली, संगणकावर होतं सगळं, पण तुमच्या हातची रेघ हवी. काडीने महिनाभर बसून नकाशा काढला. मधे एकदा ती म्हणाली, "काका, एकदा येऊन बघा ना आत. तुम्ही अजूनही मावाल."

"मावेन," तो म्हणाला. "पण ज्यांनी बघायला हवं होतं ते मावत नाहीत. मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

नकाशाच्या कोपऱ्यात, कुठली जागा आधी कोणी आणि कधी पाहिली, ते लिहायची रीत असते. दालनापुढे त्याने स्वतःचं नाव आणि सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. खाली लिहिलं: तेव्हाच्या नकाशात ही वाट बंद असल्याचं चुकून दाखवलं गेलं. शाई वाळली. त्याने वाचलं, दाढीचं पातं घेतलं, 'चुकून' हा शब्द खरवडून काढला, आणि त्या जागी 'मुद्दाम' लिहिलं. कागदावर तेवढी जागा खडबडीत राहिली. त्याच्या उभ्या नोकरीत असं काम त्याने साहेबांपुढे ठेवलं नसतं.

नकाशा घेऊन तो गुरुवारी मास्तरांकडे गेला. भिंतीवरचा जुना नकाशा काढलेला होता. तिथे चौकोनी, पांढुरकी जागा उरली होती. मास्तरांनी "ये" म्हटलं, बसायला सांगितलं, गुडघा कसा आहे ते सांगितलं. मग नकाशा मांडीवर पसरून भिंगाने बघायला लागले. फटीतून आत शिरले, उतार उतरले, दालनाच्या कडेकडेने भिंग सावकाश फिरवत गेले. तळाशी ओढा होता, त्याच्या काठाने गेले. मधेच त्यांचं बोट थांबलं, मग पुन्हा निघालं. अर्धा तास तरी गेला असेल. कोपऱ्यातली ओळ त्यांनी वाचली आणि भिंग पुन्हा दालनावर नेलं.

"छत बावीस मीटर," ते म्हणाले. "हे कोणी मोजलं?"

"नर्सने. लेसरने."

"हं," मास्तर म्हणाले. "मग बरोबर असेल."

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि वहिनींना हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. दोघांनी चहा घेतला. हवा गार पडायला लागलीय, असं मास्तर म्हणाले. काडी म्हणाला, हो, आणि ते म्हणताना खड्ड्यातलं आपलं हो त्याला ऐकू आलं.